दोन बहरांचं वर्ष

सप्टेंबरात साताऱ्याहून कासच्या पठाराकडे निघालेल्या गाड्यांची रांग पाहिली, की वाटतं, महाराष्ट्रात फुलं पाहायचा महिना एकदाचा ठरून गेला आहे. तेरडा, सीतेची आसवं, गेंद, सोनकी, कवळा अशा फुलांनी बाराशे मीटर उंचीवरचा तो कातळ रंगून निघतो. एवढी फुलं आहेत म्हणजे मधमाश्यांचीही चंगळ असणार, असं आपण गृहीत धरतो. पण त्याच डोंगररांगेत, थोडं उत्तरेला, महाबळेश्वरात पेट्या सांभाळणाऱ्या मधपाळाला विचारून पाहा. जुलै-ऑगस्टात त्याने आपल्या माश्या साखरेचा पाक पाजून जगवलेल्या असतात. त्याचा मधाचा मुख्य हंगाम एप्रिल-मेमधला. कासचं पठार तेव्हा करपून पिवळं पडलेलं असतं.

त्यामुळे रानमाश्या पाहायला कोणता महिना चांगला, या प्रश्नाचं एकच एक उत्तर नाही. आधी माशी ठरवायची, मग महिना आपोआप ठरतो. सह्याद्री आणि त्याच्या दोन्ही अंगांच्या मुलखात वर्षातून दोनदा फुलांचा बहर येतो. एक बहर गवताच्या उंचीवर, दुसरा झाडांच्या शेंड्यावर. या दोन बहरांची माश्यांमध्ये वाटणी झालेली आहे. ती एकदा लक्षात आली, की वर्षातला कुठलाच महिना रिकामा जात नाही.

कोणत्या माश्या?

मधमाशी म्हटलं की आपल्याला मोहोळ आठवतं. जगात माश्यांच्या या कुळात सुमारे वीस हजार जाती आहेत, भारतात सातशेहून अधिक. त्यांतल्या मोजक्याच जाती मोहोळ करून मध साठवतात. आपल्याकडे उंच कड्यावर किंवा इमारतीच्या सज्जाखाली एकच मोठं उघडं पोळं लटकवणारी आग्या; झाडाच्या ढोलीत किंवा दगडांच्या कपारीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधणारी सातेरी; झुडपातल्या फांदीभोवती तळहाताएवढं पोळं करणारी फुलोरी; आणि भिंतीच्या फटीत मेणाची बारीक नळी काढून राहणारी, डंख नसलेली, मुंगीएवढी पोयाची माशी. या चौघी रानातल्याच. पेटीत नांदते ती सातेरी. परदेशातून आणलेली मेलिफेरा ही पाळीव माशी वेगळी.

बाकीच्या बहुतेक माश्या एकांड्या. त्यांच्यात राणी नाही, कामकरी नाहीत. प्रत्येक मादी स्वतःचं घर स्वतः करते. कुणी जमिनीत बीळ खोदते, कुणी वाळक्या काटकीच्या पोकळीत शिरते, कुणी लाकूड कोरते, तर कुणी भिंतीतलं खिळ्याचं भोक पकडते. आत पराग आणि मकरंद कालवून गोळा ठेवायचा, त्यावर एक अंडं घालायचं, खण बंद करायचा आणि पुढचा खण सुरू करायचा. आई आणि पिल्लं यांची बहुधा भेटही होत नाही. मादीचं उडतं आयुष्य काही आठवड्यांचं. उरलेला बराच काळ पुढची पिढी खणात अळी किंवा कोषाच्या रूपात पडून असते.

हंगामाचं सगळं गणित या फरकात आहे. मोहोळाकडे कोठार असतं. फुलं नसलेले दोन महिने ते साठ्यावर काढू शकतं, आणि आग्यासारखी माशी तर मुक्काम हलवून दुसरीकडे जाते. एकांड्या माशीकडे यातलं काहीच नाही. तिला नेमकं फुलांच्या वेळीच खणाबाहेर यावं लागतं. म्हणून मोहोळाच्या माश्या थोड्याफार वर्षभर दिसतात, आणि एकांड्या दिसल्या तर थव्याने दिसतात, नाहीतर महिनोन् महिने दिसतच नाहीत.

इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. काळ्याभोर, अंगठ्याएवढ्या, घूंऽऽ करत येणाऱ्या भुंग्याला हल्ली बरेच जण ‘बंबलबी’ म्हणतात. भारतात बंबलबी राहतात त्या हिमालयाच्या थंडीत. महाराष्ट्रात दिसतो तो लाकूड कोरणारा भुंगा, शास्त्रीय नावाने झायलोकोपा. तोही माश्यांच्याच कुळातला.

बहर दोन का?

आपल्याकडे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. माळावरच्या, सड्यावरच्या आणि बांधावरच्या लहान वनस्पतींची मुळं उथळ असतात. ओल आहे तोवर रुजायचं, वाढायचं, फुलायचं आणि बी टाकून मोकळं व्हायचं. त्यांचा बहर ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत. हा पहिला, गवताच्या उंचीवरचा.

झाडांची मुळं खोल जातात. त्यांना पावसाची घाई नसते. काटेसावर, पांगारा, पळस हे जानेवारी ते मार्चमध्ये पानं टाकून फुलतात. त्यांच्या मागोमाग करंज, कडुनिंब, जांभूळ, हिरडा. कोरड्या हवेत मकरंद पावसाने पातळ होत नाही, पराग धुऊन जात नाहीत, आणि निष्पर्ण फांदीवरची फुलं लांबून दिसतात. हा दुसरा बहर, होळीच्या आगेमागे शिखराला पोहोचणारा.

या दोन बहरांमध्ये दोन पोकळ्या राहतात. एक जून-जुलैतली, मुसळधार पावसाची. दुसरी डिसेंबर-जानेवारीतली, सौम्य. माश्यांच्या दिनदर्शिकेचे हे चार भाग. पण त्यांच्या तारखा गावागणिक सरकतात. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाट उतरून तीस-बत्तीस किलोमीटरवर असलेल्या वाईत त्याच्या एक-षष्ठांशही नाही. त्यामुळे देशावर टाकळ्याच्या आणि तिळाच्या फुलांवर ऑगस्टातच माश्यांची वर्दळ सुरू होते. घाटमाथ्यावर मात्र फुलं समोर असूनही धुकं आणि सरी माश्यांना बाहेर पडू देत नाहीत. तिथे खरी सुरुवात सप्टेंबरच्या उत्तरार्धात होते.

आषाढ-श्रावण : उघडिपीची माशी

माशीला उडायचं तर छातीतले स्नायू आधी तापावे लागतात. ओल्या, गार हवेत हे इंधन फार जळतं आणि मिळकत कमी असते, कारण फुलातला मकरंद पाण्याने पातळ झालेला असतो. मोहोळातल्या माश्या म्हणूनच झडीचे दिवस घरात बसून काढतात. घाटात सातेरीच्या वसाहती या काळात आक्रसतात, काही तर जागा सोडून जातात. मधपाळ पाक पाजतो तो यासाठी.

तरीही पाहणाऱ्याने या दिवसांत घरी बसायचं कारण नाही. पाऊस थांबून ऊन पडलं, की पंधरा-वीस मिनिटांत रस्त्याकडेच्या दगडीपाल्याच्या फुलांवर बारीक माश्या येतात. काही काळ्या, काही हिरव्या झळाळीच्या, तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या. यांतल्या बऱ्याच जमिनीत बिळं करणाऱ्या. पाणी साचणाऱ्या सपाटीपेक्षा त्यांना उताराची, निचऱ्याची माती लागते. त्यामुळे शेताच्या बांधाचा तासलेला कडा, पायवाटेच्या कडेची उघडी दरड, जुन्या मातीच्या भिंतीचा पावसापासून आडोसा असलेला भाग, या त्यांच्या वस्तीच्या जागा. मातीत बोरूच्या जाडीची गोल भोकं एकमेकांजवळ दिसली, तर थोडा वेळ थांबावं. भोकातून एखादं तोंड डोकावतंच.

ऑगस्ट सरता सरता तेरडा फुलतो. त्याच्या फुलामागे सोंडेसारखी वाकलेली नळी असते आणि मकरंद तिच्या टोकाला असतो. आखूड जिभेच्या माश्यांना तो गाठणं कठीण. इथे लांब जिभेच्या, काळ्या पोटावर निळे चमकते पट्टे असलेल्या माशीचं आगमन होतं. तिचं शास्त्रीय नाव अमेजिला. ती दिसायला लागली, की पहिला बहर रंगात आला असं समजावं.

आश्विन ते मार्गशीर्ष : एकांड्यांचे दिवस

नवरात्र बसतं तोवर आभाळ मोकळं झालेलं असतं. जमिनीत ओल आहे, पण चिखल नाही. ऊन चांगलं तापतं. माळावर आणि शेतात फुलांची रेलचेल असते. एकांड्या माश्यांसाठी याहून चांगले दिवस वर्षात नाहीत, आणि म्हणून पाहणाऱ्यासाठीही नाहीत.

अमेजिलापासूनच सुरुवात करू. वांगी, टोमॅटो, रिंगणी, टाकळा या वनस्पतींच्या फुलांत पराग सहजासहजी मिळत नाहीत. बऱ्याच फुलांचे परागकोश मिठाच्या डबीसारखे असतात. पराग टोकाच्या छिद्रातूनच बाहेर पडतात. अमेजिला परागकोशाला घट्ट मिठी मारते, पंख न हलवता उड्डाणाचे स्नायू थरथरवते आणि पराग तिच्या अंगावर उडतात. हे काम सातेरीला किंवा आग्याला जमत नाही. वांग्याच्या शेतात सकाळी कान देऊन उभं राहिलं, तर उडतानाच्या गुणगुणीपेक्षा चढ्या पट्टीचा, तुटक ‘झिंग् झिंग्’ आवाज ऐकू येतो. तो हाच. वांग्याला चांगली फळं धरायला या थरथरीची मोठी मदत होते.

दिवसा ही माशी क्षणभर स्थिर राहत नाही. तिला निवांत पाहायचं असेल तर दिवेलागणीला जावं. अमेजिलाचे नर घरी परतत नाहीत, कारण त्यांना घरच नसतं. वाळक्या काडीला जबड्याने धरून, पाय पोटाशी घेऊन ते झोपतात, आणि अनेकदा पाच-दहा जण एकाच काडीवर ओळीने. पहाटेच्या दवात ते तसेच असतात. छायाचित्र काढणाऱ्यांना यापरती पर्वणी नाही.

अमेजिला आहे तिथे थायरियसही असते. काळी, अंगावर आकाशी ठिपके, दिसायला देखणी आणि वागायला लबाड. ती स्वतः पराग गोळा करत नाही. अमेजिलाच्या बिळाजवळ घिरट्या घालायच्या, मालकीण बाहेर गेली की आत शिरून आपलं अंडं घालायचं, असा तिचा व्यवहार. तिच्या पिल्लाला आयता पराग मिळतो. थायरियस दिसणं ही तशी चांगलीच खूण. फुकट खाणारी पोसली जाते आहे, म्हणजे कष्ट करणाऱ्यांची वस्ती दांडगी आहे.

याच दिवसांत गुलाबाच्या पानांच्या कडा कंपासने काढल्यासारख्या गोल कापलेल्या दिसतात. घरमालक कीड लागली म्हणून फवारणी करायला निघतो. ती करामत पानकापी माशीची असते. पानाचे तुकडे नेऊन ती पोकळीत एकेका अंड्यासाठी द्रोण बनवते. पान ती खात नाही आणि झाडाचं बिघडतही नाही. पानकापीच्या वर्गातल्या माश्या ओळखायला सोप्या आहेत. बहुतेक माश्या पराग मागच्या पायांवर नेतात, या मात्र पोटाखालच्या केसांत भरतात. फुलावर बसलेली माशी शेपूट वर करून असेल आणि पोटाची खालची बाजू पिवळीधमक दिसली, तर ती यांच्यापैकीच. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत मराठवाड्यात आणि विदर्भात तूर फुलते. तुरीच्या फुलाच्या खालच्या पाकळ्या दाबून आतला भाग उघडायला जोर लागतो, आणि तो पानकाप्यांकडे आणि भुंग्यांकडे आहे. तुरीच्या बांधावर तासभर उभं राहिलात तर दोघांचीही ओळख पक्की होते.

अकोले, जुन्नर, नाशिकच्या डोंगराळ भागांत कारळ्याची शेतं सप्टेंबर-ऑक्टोबरात पिवळी होतात. पावसात रोडावलेल्या सातेरीच्या वसाहतींना इथे पहिला मोठा घास मिळतो. एकांड्या आणि मोहोळाच्या माश्या एकाच शेतात शेजारी शेजारी पाहायच्या असतील, तर कारळ्याइतकं सोयीचं पीक दुसरं नाही.

काही वर्षं मात्र सगळ्याच नियमांना अपवाद ठरतात. सह्याद्रीच्या उतारावरची कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, आणि फुलते ती डोंगरच्या डोंगर एकदम. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ साली आणि त्यानंतर २०२४ साली अशी बहरली. कारवीच्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीला मधाची जी लूट होते ती बाकीच्या वर्षांत होत नाही. तिची चुलत बहीण व्हायटी चार वर्षांनी फुलते, तीही महाबळेश्वरच्या मधपाळांची लाडकी. तुमच्या जवळच्या डोंगरावर कारवी शेवटची कधी फुलली होती, हे गावातल्या जाणत्या माणसाला विचारून ठेवा. पुढचं वर्ष बोटांवर मोजता येतं.

पौष-माघ : ऊन शोधणाऱ्या

थंडी पडली, की एकांड्यांची गर्दी ओसरते. पिढी खणांत बंद झालेली असते. माळ वाळतो. आता नजर जमिनीवरून वर न्यायची.

देशावरच्या कोरड्या हवेत फुलोरी आपलं छोटं पोळं ऊन मिळेल अशा जागी हलवते. उन्हाळ्यात हीच माशी दाट सावली धरते. म्हणून पानं झडलेल्या झुडपात किंवा कुंपणाच्या दक्षिणेकडच्या बाजूला ती हिवाळ्यात सहज दिसते. पोळ्याच्या दोन्ही टोकांना फांदीवर ती चिकट राळेचा पट्टा लावते. मुंग्या तो ओलांडू शकत नाहीत. हा पट्टा पाहायला दुर्बीण लागत नाही, पण दोन हात अंतर राखावं.

पाऊस सरल्यापासून देशावर आणि शहरांत आग्या माश्यांचे थवे उतरू लागतात. पाण्याच्या टाक्या, पुलांच्या कमानी, जुने वड, कड्यांचे आडोसे या त्यांच्या ठरलेल्या जागा. वर्षानुवर्षं पोळी त्याच फांदीवर किंवा त्याच सज्जाखाली लागतात. आसामात झालेल्या एका अभ्यासात माश्यांचे जनुक तपासले गेले. काही महिने परागंदा होऊन परतलेल्या वसाहती त्याच राण्यांच्या होत्या, आणि त्या आपल्या मूळ झाडावर आल्या होत्या, असं त्यात दिसलं. हा निष्कर्ष २००० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. कामकरी माशीचं आयुष्य आठवड्यांत मोजायचं, म्हणजे गेलेल्यांपैकी परतीची वाट पाहिलेलं कुणी सहसा उरत नाही. राणी तेवढी उरते.

आग्याचं पोळं मीटर-दीड मीटर रुंद असू शकतं. गांधीलमाशी जवळ आली, की त्यावरून काळसर लाटा सरकताना दिसतात. हजारो माश्या एकामागोमाग पोट वर उचलतात त्याची ती लाट. हे दृश्य लांबून, दुर्बिणीतून पाहायचं.

फाल्गुन ते वैशाख : झाडांचा बहर

भुंग्यांना पाहायचं तर होळी ते अक्षय्यतृतीया. शेवगा, रुई, बाहवा आणि पुण्याच्या टेकड्यांवर लावलेली गिरिपुष्पाची झाडं यांच्यावर ते सकाळपासून असतात. यांच्या फुलांना जड, ताकदवान पाहुणा लागतो. नर भुंगा अंगणातली किंवा झाडाजवळची एक जागा धरून हवेत तरंगत राहतो आणि येईल त्याच्या अंगावर धावून जातो. पक्षी असो, दुसरा भुंगा असो वा माणूस. त्याचा आवेश पाहून घाबरायला होतं, पण नराला डंखच नसतो. मादी वाळक्या लाकडात बोटाएवढं गोल भोक पाडून बोगदा कोरते. जुन्या वाशाखाली पिवळसर भुसा पडलेला दिसला की वर पाहावं.

घाटमाथ्यावर या काळात अंजनीची झुडपं निळी होतात. नंतर जांभूळ आणि हिरडा. महाबळेश्वरच्या सदाहरित रानात एप्रिलमध्ये फुललेल्या जांभळाखाली उभं राहिलं, तर माशी दिसायच्या आधी तिचा आवाज ऐकू येतो. वरची सगळी फांदी गुणगुणत असते. सातेरीचा मध निघतो तो या दिवसांत. मधाच्या या धंद्यावर उभं असलेलं महाबळेश्वरजवळचं मांघर हे २०२२ साली देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. तिथे जायचं तर पर्यटकांच्या पावसाळी मोसमात जाण्यापेक्षा चैत्रात जावं.

भीमाशंकरच्या अरण्यातली गोष्ट मात्र दिवसाची नाही. तिथल्या वारस या झाडाची पांढरी फुलं रात्री उमलतात. हेमा सोमनाथन आणि रेने बोर्जेस यांनी तिथे केलेल्या अभ्यासातून कळलं, की या फुलांचं परागीभवन रात्री उडणारा एक भुंगा करतो. हे काम २००१ साली प्रसिद्ध झालं. पुढे त्याच रानातल्या तीन जातींच्या भुंग्यांची तुलना झाली. एक दिवसा उडणारा, दुसरा संधिप्रकाशात आणि चांदण्यात उडणारा, आणि तिसरा, झायलोकोपा ट्रान्क्वेबारिका, अमावास्येच्या काळोखातही उडणारा. चांदण्यांच्या उजेडात आपल्याला रंग ओळखता येत नाहीत. हा भुंगा तेवढ्या उजेडात रंगांच्या खुणा ओळखून स्वतःच्या घरी परततो, हे त्यांनी प्रयोगाने दाखवलं. महाराष्ट्रातल्या माश्यांबद्दलचा हा सर्वांत विलक्षण शोध असावा, आणि तो उन्हाळ्याच्या तोंडावर फुलणाऱ्या झाडापासून सुरू झाला.

आग्या माशीही चांदण्या रात्री मध गोळा करायला बाहेर पडते. फुललेल्या झाडाखाली पौर्णिमेला गुणगुण ऐकू आली, तर चकवा नव्हे, आग्या.

मे महिन्यात फुलं संपत येतात आणि माश्या पाण्यावर दिसू लागतात. गळक्या नळाखालची ओल, गुरांच्या हौदाची कड, नदीतली उरलीसुरली डबकी. हे पाणी पोळं थंड ठेवायला नेलं जातं. फुलं नसताना माश्या पाहायची ही हमखास जागा आहे. वळवाचे पाऊस सुरू झाले, की आग्याची पोळी रिकामी होऊ लागतात आणि एक वर्ष पुरं होतं.

जागा आणि वेळ

कोकणात हा क्रम थोडा बदलतो. कातळसड्यांवरचा पहिला बहर घाटमाथ्यासारखाच, सप्टेंबर-ऑक्टोबरचा. पण आंबा आणि काजू मोहरतात ते हिवाळ्यात. आंब्याच्या मोहरावर निरनिराळ्या माशांची गर्दी असते आणि तिच्यात पोयाच्या माश्याही सापडतात. नारळ बारा महिने फुलतो, त्यामुळे कोकणातल्या वाडीत माश्या पूर्णपणे नाहीशा होत नाहीत. विदर्भात ऑक्टोबर ते डिसेंबर तुरीचे, आणि फेब्रुवारीपासून पळस-मोहाच्या जंगलांचे दिवस. मात्र तिथल्या एप्रिल-मेच्या दुपारी माश्या पाहायला निघू नये. माशी सावलीत असते, आपणही असावं.

दिवसातली वेळही हंगामागणिक बदलते. पावसाळ्यात घड्याळ पाहू नका, उघडीप पाहा. ऑक्टोबरात सकाळी आठ ते अकरा उत्तम. थंडीत दहाच्या आधी फारसं काही हलत नाही. दहा ते दोन ही वेळ धरा. उन्हाळ्यात उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि मग संध्याकाळी. भोपळ्यासारखी फुलं भल्या सकाळी उघडतात आणि दुपारपर्यंत मिटतात, तेव्हा त्यांच्यावरच्या माश्यांसाठी सूर्योदयालाच वेलीपाशी हजर असावं.

पाहायचं कसं?

माशीच्या मागे धावू नये. एक फुललेलं झुडूप निवडून त्याच्यासमोर दहा मिनिटं उभं राहावं. माश्या तिथे येतात. तीन गोष्टी टिपाव्यात: पराग कुठे भरले आहेत, फुलावर किती वेळ बसते, आणि आवाज कसा आहे. माशीचं सोंग घेतलेले बरेच कीटकही फुलांवर असतात. पंखांची एकच जोडी, डोळे भलेमोठे आणि मिशा अगदी आखूड असतील, तर तो कीटक माशांच्या, म्हणजे घरमाशीच्या कुळातला. कंबर सुतासारखी बारीक आणि अंगावर केस जवळजवळ नसतील, तर ती गांधीलमाशीच्या कुळातली. तारीख, जागा आणि फुलाचं नाव यांसह नोंद ठेवली, तर दोन-तीन वर्षांत तुमच्या गावाची स्वतंत्र दिनदर्शिका तयार होते. अशी दिनदर्शिका पुस्तकात मिळत नाही.

एकांड्या माश्यांपासून धोका जवळजवळ नसतो. मादी हातात दाबली गेली तरच डंख मारते. आग्याची गोष्ट वेगळी. गड-किल्ल्यांवर आणि लेण्यांच्या कड्यांवर तिची पोळी असतात. तिथे धूर, दगड, फटाके, उग्र अत्तर आणि रात्री पोळ्यावर टाकलेला प्रकाशझोत हे सगळं टाळावं. माश्या उठल्याच तर हात झटकत उभं न राहता, चेहरा झाकून सरळ लांब पळावं आणि बंद जागा गाठावी. पाण्यात उडी मारू नये, माश्या वर घोंगावत थांबतात. अंगात रुतलेला काटा लगेच खरवडून काढावा, आणि डंख खूप झाले असतील किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

आता निवाडा. वर्षातून एकदाच जमणार असेल, तर नवरात्र ते दिवाळी या काळात देशावरच्या एखाद्या शेतबांधावर जा. जवळ तूर किंवा कारळं आणि मातीची उघडी दरड असेल अशी जागा निवडा. जातींची विविधता त्या आठवड्यांत सर्वांत जास्त दिसते. दुसरी खेप जमली, तर होळी आणि गुढीपाडव्याच्या दरम्यान फुललेल्या झाडांखाली.

आणि एक विनंती. ऑक्टोबरात दिसलेल्या माश्यांची पुढची पिढी बाकीच्या महिन्यांत त्याच बांधाच्या मातीत, त्याच वाळक्या काटक्यांत असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवताला काडी लावली, की काटक्यांतले खण जळतात आणि पुढच्या दसऱ्याला तो बांध मुका राहतो. बांध जाळू नका, घराभोवतीची सगळीच जमीन फरशीखाली घालू नका, आणि एखादा वाळका ओंडका कोपऱ्यात पडू द्या.